एकच शब्द, निराळा देव : मॉर्मन लोकांची देवविषयक शिकवण आणि आपली श्रद्धा

(ज्युबिलीनिमित्त झालेल्या व्याख्यानमालेंतील एक व्याख्यान)



ज्युबिलीच्या ह्या मंगल सप्ताहांत आपल्या वाडवडिलांच्या श्रद्धेचें स्तवन ऐकावें ह्या अपेक्षेनें आपण येथें जमलां असतां, आम्ही दूर अमेरिकेंत जन्मास आलेल्या एका पंथाच्या मतांविषयीं बोलावयास उभे राहिलों आहों, हें कोणास अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु विषयाची निवड निष्कारण झालेली नाहीं. आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांतलीं मुलें आज परदेशीं नोकरीस आहेत. तेथें त्यांच्या दारावर एके दिवशीं दोन तरुण येऊन उभे राहतात. अंगांत स्वच्छ पांढरा सदरा, गळ्यांत टाय, छातीवर नांवाची काळी पट्टी. बोलणें नम्र, वागणूक निर्दोष. दारूला ते शिवत नाहींत, तंबाखू ओढीत नाहींत, चहा आणि कॉफीदेखील घेत नाहींत. ते येशू ख्रिस्ताचें नांव घेतात, पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्याविषयीं बोलतात, आणि विवाहाचें व कुटुंबाचें पावित्र्य अशा कळकळीनें वर्णितात कीं ऐकणाऱ्यास आपल्याच धर्मशिकवणीची आठवण व्हावी. मग घरीं विचारणा येते : हेही ख्रिस्ताचे, आपणही ख्रिस्ताचे, तर ह्यांच्या उपासनेस गेलें म्हणून बिघडलें कोठें?

"तो पाखंडी पंथ आहे, त्यांच्या वाऱ्यासही उभे राहूं नका," एवढें उत्तर ह्या प्रश्नास पूर्वीं पुरत असे. आतां तें पुरत नाहीं. आणि खरें पाहतां तें पूर्वींही पुरेसें नव्हतें. जो आपणांस नम्रपणें प्रश्न विचारतो त्यास कारणासह उत्तर देणें हें आपलें कर्तव्य आहे, असें संत पेत्रानेंच आपल्या पहिल्या पत्रांत सांगून ठेविलें आहे.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. ह्या सभेचें पूर्ण नांव 'अंत्य दिवसांतील संतांची येशू ख्रिस्ताची सभा' अशा अर्थाचें असून 'मॉर्मन' हें लोकांनीं पाडलेलें नांव आहे. तें टाकून पूर्ण नांव वापरावें अशी विनंति त्या सभेच्या अध्यक्षांनीं २०१८ सालीं केली. व्याख्यानाच्या सोयीसाठीं आम्ही जुनाच शब्द ठेवीत आहों. त्यांत हिणविण्याचा हेतु मुळींच नाहीं. त्यांच्या स्वतःच्या गणतीप्रमाणें त्यांचे सभासद जगभर १ कोटि ७० लाखांहून अधिक आहेत.

पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ १८०५ सालीं व्हरमाँट संस्थानांत एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं जन्मला. पुढें तें कुटुंब न्यूयॉर्क संस्थानांत पामायरा गांवाजवळ येऊन राहिलें. त्या प्रदेशांत तेव्हां निरनिराळ्या प्रॉटेस्टंट पंथांच्या उपदेशकांची मोठी चढाओढ लागलेली होती. जो तो दुसऱ्यास खोटा ठरवीत होता. ह्यांतला खरा कोण, असा प्रश्न पडलेला चौदा वर्षांचा मुलगा १८२० सालीं रानांत जाऊन प्रार्थना करूं लागला, तेव्हां पिता व पुत्र अशा दोन तेजस्वी व्यक्ति त्याच्यापुढें प्रगट झाल्या आणि ह्यांपैकीं कोणत्याच पंथास मिळूं नको अशी त्यास आज्ञा झाली, असें त्याच्या १८३८ सालच्या वृत्तांतांत आहे. १८३२ सालच्या आधींच्या वृत्तांतांत मात्र प्रभूचें दर्शन झाल्याचें सांगितलें असून दोन व्यक्तींचा स्पष्ट उल्लेख नाहीं. मॉर्मन विद्वान ह्यावर म्हणतात कीं एकाच अनुभवाचें वर्णन मनुष्य वेगवेगळ्या वेळीं वेगवेगळें करितो. तें म्हणणें अगदींच टाकाऊ आहे असें नाहीं, आणि आमचा वादही त्या रानांतल्या दर्शनाशीं नाहीं. त्या दर्शनांतून पुढें जो देव उभा राहिला त्याच्याविषयीं आम्हांस बोलावयाचें आहे.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. सोन्याच्या पत्र्यांवरून भाषांतर केला म्हणून सांगितलेला 'मॉर्मनचा ग्रंथ' १८३० सालीं छापून निघाला, आणि त्याच वर्षीं ६ एप्रिल रोजीं सभेची स्थापना झाली. हे लोक ओहायोंत, मग मिसूरींत, मग इलिनॉयमध्यें गेले. बहुतेक ठिकाणांहून त्यांस छळून हांकलण्यांत आलें. २७ जून १८४४ रोजीं कार्थेज गांवच्या तुरुंगांत असतांना स्मिथ व त्याचा भाऊ ह्यांस जमावानें गोळ्या घालून ठार मारिलें. १८४७ सालीं ब्रिगहॅम यंग ह्याच्या पुढारीपणाखालीं ते सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यांत पोहोंचले व त्यांनीं तेथें नगर वसविलें. बहुपत्नीत्वाचा विषय निघाला कीं श्रोत्यांचे कान टवकारतात हें आम्ही जाणून आहों; पण ती चाल सोडल्याचें त्या सभेनें १८९० सालीं जाहीर केलें, आणि आपल्या आजच्या विषयाशीं तिचा संबंधही नाहीं.

ही मंडळी आपल्या प्रांतासही अगदींच नवखी नाहीं. १८५२ सालीं ह्यू फिंडले नांवाचा त्यांचा एक उपदेशक मुंबईस उतरला, आणि मुंबई व पुणें येथें त्यानें कांहीं वर्षें खटपट केली. लष्करांतील गोरे लोक व त्यांच्या भोंवतालचीं माणसें ह्यांपैकीं थोडीं त्यास मिळालीं. बाकी कार्य त्याच दशकांत आटोपलें. त्यास इकडे धाडणारा वरिष्ठ लॉरेन्झो स्नो हा होता, आणि देव एके काळीं मनुष्यासारखा होता व मनुष्य देवासारखा होऊं शकतो हें मॉर्मन मत सुटसुटीत द्विपदींत बसविणाराही तोच. म्हणजे ज्या शिकवणीचा आपण विचार करणार आहों, तिचा वारा पुण्याच्या छावणीस पावणेदोनशें वर्षांपूर्वींच लागून गेला आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं.

एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. 'मॉर्मनचा ग्रंथ' उघडून देवाविषयींचीं वचनें पाहिलीं तर तीं बहुतेक ठिकाणीं आपणांस परकीं वाटणार नाहींत. पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, अशा अर्थाचीं वाक्यें तेथें आहेत. १८३५ सालीं त्या सभेनें छापलेल्या श्रद्धाविषयक व्याख्यानांत पिता हा आत्मस्वरूप आहे असें म्हटलें होतें. तीं व्याख्यानें त्यांच्या 'सिद्धान्त आणि करार' ह्या धर्मग्रंथाबरोबर १९२१ सालापर्यंत छापलीं जात असत, पुढें तीं वगळण्यांत आलीं. परंतु दरम्यान स्मिथची शिकवण फार दूर गेली होती. १८४२ सालीं त्यानें प्रसिद्ध केलेल्या 'अब्राहामाच्या ग्रंथांत' सृष्टीच्या कथेंत 'देव' हा शब्द अनेकवचनीं आला. १८४३ सालीं त्यानें सांगितलें कीं पित्यास मनुष्यासारखेंच हाडामांसाचें, हातास लागेल असें शरीर आहे. पुत्रासही तसेंच आहे. केवळ पवित्र आत्म्यास तें नाहीं. आणि ७ एप्रिल १८४४ रोजीं, मरणापूर्वीं तीन महिनेही उरले नसतांना, त्यानें नावू नगरांत जें प्रवचन केलें, त्यांत ह्या साऱ्याचा कळस झाला.

ह्या प्रवचनाचा प्रसंग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. किंग फॉलेट नांवाचा एक सभासद विहिरीचें बांधकाम चाललें असतां दगड अंगावर पडून मृत्यु पावला होता. त्याच्या स्मरणार्थ हें भाषण झालें. समोर मृताचे आप्तेष्ट होते, आणि हजारों श्रोत्यांत असे कितीतरी होते कीं ज्यांनीं त्या पांचसहा वर्षांच्या पळापळींत आपलीं मुलेंबाळें पुरलीं होतीं. अशा दुःखी लोकांस धीर देण्यासाठीं स्मिथनें त्यांस देवाचें 'रहस्य' उकलून सांगितलें. तें असें कीं, देव हा पूर्वीं आपल्यासारखाच होता. तोही एका पृथ्वीवर राहिला. आणि पायरीपायरीनें चढत तो आज ज्या पदीं आहे त्या पदीं पोहोंचला. तुम्हांसही तसेंच चढत जाऊन देव व्हावयाचें आहे. मनुष्याचें चैतन्य देवानें निर्माण केलेलें नाहीं, तें अनादि आहे. जगाचें द्रव्यही अनादि आहे. देवानें तें शून्यांतून निर्मिलें नसून, असलेल्या सामग्रीची मांडणी केली.

न्यायानें हेंही सांगितलें पाहिजे कीं ह्या प्रवचनास त्यांच्या प्रमाणग्रंथांत स्थान नाहीं, आणि आजचे मॉर्मन पुढारी त्यांतील पहिल्या भागावर फारसा भर देत नाहींत. १९९७ सालीं त्यांचे तेव्हांचे अध्यक्ष गॉर्डन हिंक्ली ह्यांस वृत्तपत्रकारांनीं ह्याविषयीं छेडलें असतां त्यांनीं सावधपणें उत्तर देऊन विषय बाजूस सारिला. देवालाही पिता होता काय, असें विचारल्यास पुष्कळ मॉर्मन 'ठाऊक नाहीं' म्हणतील. परंतु पित्याचें हाडामांसाचें शरीर, द्रव्याचें अनादित्व, पिता-पुत्र-आत्मा ह्या तीन पृथक् व्यक्तींचें केवळ हेतूंत व इच्छेंत असलेलें ऐक्य, स्वर्गांत पित्याबरोबर असलेली माता, आणि मनुष्याचें देवत्वास पोहोंचणें, हीं मतें सोडलेलीं नाहींत. त्या सभेनें स्वतः प्रसिद्ध केलेल्या लेखांत तीं आजही वाचावयास मिळतात.

ह्या सर्व मतांच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे. मॉर्मन मताप्रमाणें देव आणि मनुष्य एकाच जातीचे आहेत. थोर देव व लहान मनुष्य ह्यांत अंतर आहे तें पिकल्या फळांत आणि मोहरांत असतें तसें. आपल्या श्रद्धेप्रमाणें देव कोणत्याच जातींत बसत नाहीं. सर्व जाति त्यानें केल्या. १२१५ सालच्या लॅटरन येथील चौथ्या परिषदेनें हें फार सूक्ष्मपणें सांगितलें आहे : निर्माता व निर्मित ह्यांत कितीही साम्य दाखवा, त्याहून मोठें वैषम्य शिल्लक राहतेंच.

कुंभाराचा दृष्टांत आपल्या प्रवचनांत नेहमीं येतो. मॉर्मन मतांतील देव हा खरोखरीचा कुंभार आहे. तो कुशल आहे, दयाळू आहे, त्याचें मडक्यांवर प्रेम आहे; परंतु माती त्यास आयती मिळाली, चाक फिरविण्याचे नियम त्याच्या आधींपासून होते, आणि तो स्वतः एके काळीं शिकाऊ होता. आपला देव कुंभार म्हणविला जातो तो केवळ उपमेनें. माती त्याची, चाक त्याचें, चाक ज्या जागेंत फिरतें ती जागा त्याची, आणि तें फिरावयास लागणारा काळही त्याचाच. म्हणून मॉर्मन उपदेशकास विचारावयाचा खरा प्रश्न बहुपत्नीत्वाचा नव्हे कीं सोन्याच्या पत्र्यांचा नव्हे. तो असा कीं, ज्या विश्वांत आपला पिता वाढला असें आपण म्हणतां, तें विश्व कोणाचें? ह्यावर उत्तर एकच येऊं शकतें : कोणाचेंच नाहीं, तें होतेंच. मग सर्वांत मूळची, सर्वांत थोरली गोष्ट देव नव्हे. ती विश्व होय, आणि देव हा त्यांतला एक श्रेष्ठ रहिवासी.

आपल्या देशांत हा विचार ऐकून कोणी दचकत नाहीं, हीही एक अडचण आहे. 'करणी करील तर नराचा नारायण होईल' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों. तेव्हां मनुष्यानें चढत चढत देव व्हावें हें आपल्या कानांस नवें नाहीं, आणि त्यांत वावगें काय हें चटकन् ध्यानांत येत नाहीं. परंतु आपल्या पूर्वजांनीं ज्या दिवशीं स्नानसंस्कार घेतला, त्या दिवशीं त्यांनीं कबूल केलें तें ह्याच्या उलट होतें. नराचा नारायण झाला नाहीं. जो अनादि शब्द, तो मनुष्य झाला. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. त्याच्या आरंभींच ज्यास नमन केलें आहे तो एकाच श्वासांत बाप आहे आणि स्वर्गपृथ्वीचा रचणाराही आहे. हे दोन शब्द एकमेकांपासून सोडवितां येत नाहींत. जो रचणारा नव्हे तो बाप कितीही प्रेमळ असला तरी शेवटीं आपल्याच सारखा, परिस्थितीशीं झुंजणारा बाप.

ह्याचा आपल्या जीविताशीं संबंध काय, असें कोणी म्हणेल. तो कोठें कळतो तें सांगतों. स्मिथनें शोकग्रस्तांस सांत्वन म्हणून दिलेली शिकवण आपण पाहिली. आतां मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायांतील दुसरें सांत्वन पाहा. (हें पुस्तक प्रॉटेस्टंट शास्त्रांत सांपडत नाहीं, स्मिथ ज्या शास्त्रावर वाढला त्याचा तर हा मोठाच तोटा.) एका मातेचे सहा पुत्र तिच्या डोळ्यांदेखत हालहाल करून मारिले आहेत, सातवा, धाकटा, उभा आहे. राजा म्हणतो, ह्यास समजाव. ती माता लेंकराजवळ वांकून त्यास आपल्या भाषेंत काय सांगते? आकाशाकडे व पृथ्वीकडे पाहा, त्यांतील सर्व वस्तूंकडे पाहा, आणि ओळख कीं हें सर्व देवानें आधीं असलेल्या कशापासूनही घडविलें नाहीं; मनुष्यजातही तशीच झाली. तेव्हां भिऊं नको, मरण पत्कर, म्हणजे त्याच्या दयेनें तूं भावांसह मला परत मिळशील.

ती असें कां बोलली ह्याचा विचार करा. मरत्या मुलापुढें सृष्टीच्या उत्पत्तीचा सिद्धान्त कोणी सांगतें काय? पण तिनें नेमकें तेंच सांगितलें, कारण तिची सारी आशा त्याच एका खुंटीवर टांगलेली होती. ज्यास कांहींच नसतांना सर्व कांहीं करितां आलें, त्यास उद्ध्वस्त झालेला देह पुनः उभा करणें कठीण नाहीं. ज्या देवास माती उसनी घ्यावी लागते, त्याच्याजवळ ही आशा मागतां येत नाहीं. तो फार तर यत्न करील. आपल्या दफनभूमींत ज्यांनीं लहान मुलांस माती दिली आहे, त्यांस ह्यापेक्षां अधिक सांगण्याची गरज नाहीं.

आतां त्यांचें म्हणणें. ते म्हणतात, शास्त्रांत देवाचा हात आहे, मुख आहे, डोळे आहेत. मोशेशीं तो समोरासमोर बोलला. मनुष्यास त्यानें आपल्या प्रतिमेप्रमाणें केलें. मग त्यास शरीर नाहीं असें तुम्ही कोणत्या आधारानें म्हणतां? उत्तर असें कीं त्याच शास्त्रांत, स्तोत्रांमध्यें, देवाला पंखही आहेत, आणि त्या पंखांच्या सावलींत भक्त आश्रय घेतो. हात जर हाडामांसाचा, तर पंख पिसांचे मानावे लागतील. तें कोणी मानीत नाहीं, मॉर्मनही नाहीं. देव हा आत्मा आहे हें तर प्रभूनें शोमरोनी बाईस विहिरीपाशीं स्पष्टच सांगितलें आहे. ते पुनः म्हणतात, संत स्तेफनानें मरतांना पुत्रास पित्याच्या उजवीकडे उभा पाहिलें, म्हणजे दोघे दोन झाले. दोन व्यक्ति आहेत हें आपण कधीं नाकारिलें? पिता पुत्र नव्हे व पुत्र पिता नव्हे, हें आपल्या येथील पहिलीच्या वर्गांतील मूलही सांगतें. दोन व्यक्ति म्हणजे दोन देव, हा पुढचा उडी मारून काढलेला निष्कर्ष आहे. आणि त्या उडीच्या आड यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायांतील देववाणी उभी आहे : त्याच्यापूर्वीं कोणी देव झाला नाहीं, आणि त्याच्यामागून कोणी होणार नाहीं. ज्यांस देव व्हावयाचें आहे त्यांनीं ह्या शेवटल्या शब्दांवर थोडें थांबावें.

त्यांचा सर्वांत आवडता आरोप असा कीं ३२५ सालच्या नायसिया येथील परिषदेनें ग्रीक तत्त्वज्ञानाच्या भरीस पडून साध्या शुभवर्तमानांतील पिता हरवून टाकिला. इतिहास उलट आहे. ग्रीक मनास पटण्यासारखें मत आरियसचें होतें : वर एक दूरस्थ देव, आणि मध्यें पुत्र म्हणून एक श्रेष्ठ पण निर्मिलेला दुय्यम देव. परिषदेनें ग्रीकांचा शब्द घेतला खरा, पण तो ग्रीकांच्या मताविरुद्ध वापरला. पुत्र पित्याशीं एकसत्त्व आहे असें ठरविलें. एकाच कुळांतले दोघे, असा त्याचा अर्थ नव्हे. एकच सत्त्व, तें वांटलें न जातां पिता पुत्रास देतो. कोळ्यांच्या व शेतकऱ्यांच्या येशूभक्तीचें ह्या एका शब्दानें रक्षण केलें. कारण तो जर सत्त्वानें देव नसेल तर त्याच्यापुढें गुडघे टेकणें ही मूर्तिपूजा होते.

इतकें झाल्यावर त्यांच्या मतांत जें खरें आहे तेंही सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जातां येत नाहीं. मनुष्याचें भवितव्य थोर आहे, देव आपलें जीवन मनुष्यास देऊं इच्छितो, ही त्यांची तळमळ खरी आहे, आणि आपल्यापैकीं पुष्कळांस ती उरलेली नाहीं. आपल्यांतील कित्येकांचा स्वर्ग म्हणजे नरकांत न जाणें, एवढाच. संत अथानासियस ह्यांनीं चौथ्या शतकांत लिहिलें कीं शब्दानें मनुष्यत्व घेतलें तें आम्हांस देवत्वाचे वांटेकरी करण्यासाठीं; संत पेत्राच्या दुसऱ्या पत्रांतही आपण दैवी स्वभावाचे भागीदार होऊं असें आहे. मॉर्मन लेखक हीं वचनें आपल्या बाजूचीं म्हणून पुढें करितात. भेद कोठें आहे तो पाहावयाचा असेल तर उद्यां सकाळीं मिस्साबलिदानाचे वेळीं वेदीकडे नीट लक्ष द्या. अर्पणाच्या वेळीं धर्मगुरु प्याल्यांतील द्राक्षरसांत पाण्याचे एकदोन थेंब टाकतात व हळू आवाजांत प्रार्थना करितात कीं ज्यानें आमच्या मनुष्यत्वाचा भाग घेतला त्याच्या देवत्वाचा भाग आम्हांस मिळो. थेंब द्राक्षरसांत जातो, त्याच्यांत मिसळून जातो. पण थेंब साठवीत गेल्यानें द्राक्षरस तयार होत नाहीं, आणि तो द्राक्षरस एके काळीं पाणीच होता असें कोणी म्हणत नाहीं. आपणांस देवत्वाचा वांटा मिळतो तो दान म्हणून, पुत्राच्या अंगीं राहून. तो आपला वाढीचा हक्क नव्हे.

मग ते ख्रिस्ती आहेत कीं नाहींत? येथें प्रश्न मतांवरून संस्कारावर येतो, आणि तेथें आपल्या ख्रिस्तसभेनें निर्णय दिलेला आहे. तिसऱ्या शतकांत आफ्रिकेंतील कार्थेजचे महागुरु संत सिप्रियन ह्यांचें मत होतें कीं ख्रिस्तसभेबाहेरील लोकांनीं दिलेला स्नानसंस्कार पोकळ होय. पोप पहिले स्तेफन ह्यांनीं तें मानिलें नाहीं. संस्कार ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याचा नव्हे, म्हणून चुकीच्या मताच्या माणसाच्या हातूनही तो खरा होऊं शकतो, अशी रोमची परंपरा ठरली. ह्याच कारणानें प्रॉटेस्टंट बंधूंचा स्नानसंस्कार आपण खरा मानतों व कोणी आपल्यांत आल्यास त्यास पुनः स्नान देत नाहीं. इतकी उदार परंपरा असूनही ५ जून २००१ रोजीं रोमच्या श्रद्धारक्षक मंडळानें, कार्डिनल राटझिंगर ह्यांच्या सहीनें व पोप दुसरे जॉन पॉल ह्यांच्या संमतीनें, मॉर्मन स्नानसंस्कार खरा नाहीं असा एका शब्दाचा नकार प्रसिद्ध केला.

शब्दांकडे पाहिलें तर हा निर्णय कठोर भासतो. ते पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांचींच नांवें घेतात, पाण्यांत पूर्ण बुडवितात. परंतु येशूसंघाचे पंडित फादर लुइस लादारिया ह्यांनीं त्या वेळीं स्पष्ट केलें कीं उच्चार तोच असला तरी ज्यांस हांक मारिली जाते ते तेच नाहींत. त्या नांवांखालीं पवित्र त्रैक्य अभिप्रेत नसून तीन पृथक् देव अभिप्रेत आहेत. शिवाय त्यांच्या मतें हा संस्कार ख्रिस्तानें स्थापिलेला नसून आदामापासून चालत आला आहे. येथें एखाद्या चुकलेल्या मुलानें आपल्याच बापाचें चुकीचें वर्णन केलेलें नाहीं. नांव तेंच घेऊन हांक दुसऱ्यासच मारिली आहे. त्यांनाही आपला स्नानसंस्कार मान्य नाहीं. प्रेषितांच्या मरणानंतर पृथ्वीवर अधिकारच उरला नव्हता व तो स्मिथला १८२९ सालीं पुनः मिळाला, असें ते मानतात, आणि त्यांच्यांत गेलेल्या कॅथलिकास पुनः स्नान देतात. ह्या एका बाबतींत ते व आपण एकमेकांस फसवीत नाहीं.

ह्यावरून ते येशूवर प्रेम करीत नाहींत असा अर्थ काढूं नका. हृदयांचा न्याय त्या मंडळानें केला नाहीं. आम्हीही करीत नाहीं. ९ मार्च २०१९ रोजीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं त्यांच्या अध्यक्षांची व्हॅटिकनमध्यें भेट घेतली. दुसऱ्याच दिवशीं रोम शहरांत मॉर्मन मंदिराचें समर्पण व्हावयाचें होतें, तरीही ती घेतली. भुकेल्यास अन्न पुरविण्याच्या कार्यांत कॅथलिक संस्था व ते अनेक ठिकाणीं एकत्र काम करितात. हें सर्व योग्यच आहे. शेजारधर्मास त्रैक्याची अट नसते.

परंतु धर्मग्रामाच्या दृष्टीनें दोनतीन गोष्टी स्पष्ट असाव्या. मॉर्मन मनुष्य आपल्या ख्रिस्तसभेंत येऊं इच्छील तर त्यास तयारीनिशीं स्नानसंस्कार द्यावा लागतो. केवळ श्रद्धाप्रकटन पुरत नाहीं. आपला मुलगा किंवा मुलगी मॉर्मन व्यक्तीशीं विवाह करूं इच्छील तर तो विवाह, प्रॉटेस्टंटाशीं होतो तसा, दोन स्नातांमधला धरला जात नाहीं. धर्मशास्त्राप्रमाणें तो अस्नाताशीं होणारा विवाह असून त्यासाठीं महागुरूंकडून डिस्पेन्सेशन घ्यावें लागतें. परदेशांत तारीख ठरवून, सभागृह घेऊन, मग फादरांस कळविण्याची जी चाल पडत आहे, ती अशा प्रसंगीं फार त्रासाची होते. आणि तिसरी गोष्ट रजिस्टरांची. मृतांच्या वतीनें जिवंत माणसास पाण्यांत बुडवून स्नान देण्याची चाल मॉर्मनांत आहे, व त्यासाठीं ते जगभरच्या वंशावळी मोठ्या परिश्रमानें गोळा करितात. त्या कामास हातभार लागूं नये म्हणून २००८ सालीं रोमहून सर्व धर्मप्रांतांस सूचना आली कीं धर्मग्रामांचीं स्नानसंस्काराचीं रजिस्टरें त्यांस चित्रमुद्रणासाठीं देऊं नयेत. त्यांत द्वेष नाहीं. तेथें लिहिलेल्या प्रत्येक नांवावर एकदां पाणी ओतून पवित्र त्रैक्याचें नांव उच्चारिलें गेलें आहे, आणि तें पुनः करण्यासारखें राहिलेलें नाहीं. ज्युबिलीच्या प्रदर्शनांत हीं जुनीं रजिस्टरें कांचेखालीं मांडलेलीं आहेत. ज्यांस आपल्या घराण्याचीं नांवें पाहावयाचीं असतील त्यांनीं कचेरींत विचारावें, पानांचीं छायाचित्रें काढूं नयेत, अशी फादरांची विनंति आम्हीं येथें पोहोंचवितों. आतां कोणास कांहीं विचारावयाचें असल्यास अध्यक्षमहाराजांनीं त्यासाठीं वेळ राखून ठेविला आहे.